थोरल्याच्या कड्यावर

गोमा, माझा पाठचा भाऊ, दारात आला तेव्हा त्याचा उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला होता आणि तो हसत होता.

"आक्का, तोंड असं करू नको," तो म्हणाला. "मोडला न्हाय. नुसता खांद्यातनं निखळला हुता. वैदूनं बसवलाय."

"कशानं निखळला?"

"हिरडा झोडत हुतो. फांदी मोडली. फांदी खाली गेली, मग म्या एकटा वर थांबून काय करू?"

ओट्यावर माझी सासू नाचणी पाखडत बसली होती. तिला मी आत्याबाई म्हणायची. तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं एकदा गोमाच्या हाताकडे पाहिलं, एकदा वर कड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाखडायला लागली. आत्याबाई गप्प बसल्या की मला धडकी भरायची, कारण एरवी त्यांचं तोंड झोपेतही मिटत नसे.

दुसऱ्या दिवशी मध काढायचा होता. गोमा त्याचसाठी आला होता.

आमची वाडी कड्याच्या पायथ्याला. त्या कड्याच्या पोटात एक लांबट कपार आहे, माणूस वाकून उभा राहील एवढी, आणि तिच्या छताला दरसाल आग्या मोहोळं लटकत, एकेक दाराच्या फळीएवढं. वैशाख सरत आला की ती उतरवायची. उशीर केला तर पावसाच्या तोंडाशी माश्या आपला मध आपणच पिऊन उडून जात. पावसाळ्यातलं आमचं धान्य त्या मधाच्या बदल्यात यायचं, त्यामुळे यंदा राहू दे, पुढल्या साली बघू, असं म्हणायची सोय नव्हती. कपारीत जायला वाट नाही. वरून दोरानं उतरायचं. उतरणारा माझा नवरा, लहानू. त्या काळी मी हे नाव तोंडातून काढत नसे. आता काढते.

आणि वरून दोर धरायचा तो मेव्हण्यानं. बायकोच्या भावानं. दुसऱ्या कुणी नाही.

"ह्या साली चुलतभावानं धरला तर?" मी भीतभीत म्हटलं. लहानूचा चुलतभाऊ अंगानं रेड्यासारखा होता. "गोमाचा हात तर असा."

"चुलतभावाच्या हातनं दोर सुटला तर त्याला वावर मिळतं," आत्याबाई म्हणाल्या. "मेव्हण्याच्या हातनं सुटला तर त्याला काय मिळतं? बहिणीचं उघडं कपाळ. आमच्या वाडवडलांनी डोकं चालवूनच ठरवलंय."

"मग दोर खुंटाला बांधा तरी. गाठ मारा."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवीच्या देव्हाऱ्यात पायताणं घालून शिरले होते. "बांधलेला दोर खुंटाचा. धरलेला दोर माणसाचा. खुंटाला काय बहीण असती?"

हे आमचं शहाणपण. दोर कड्यावरच्या अंजन झाडाच्या खुंटाला एक वेढा घालून आणायचा, मग धरणाऱ्याच्या कमरेला एक वेढा, आणि शेवट त्याच्या मुठीत. वर गाठ कुठंच नाही. गाठ मारली तर मेव्हण्यावर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा आणि सोयरीक तुटायची. दहा गावांत असली रीत कुठं नव्हती आणि आम्हाला तिचा केवढा अभिमान.

लहानू रानातून आला, त्यानं गोमाचा हात बघितला आणि शेजारी बसून त्याचा तंबाखू काढून घेतला. "एका हाताचा का हुईना, गोमाच पायजे मला," तो म्हणाला. "दोन हातांचे लई बघितलेत."

"दाजी, जड झालाय तुम्ही औंदा," गोमा म्हणाला.

"तुज्या बहिणीच्या भाकरीनं. तक्रार तिच्याकडं कर."

ते दोघं हसले. मला हसू येईना. मला कड्याची भीती नव्हती. कड्यावर लहानू माकडासारखा हिंडायचा. मला भीती होती ती थोरल्याची.

खालच्या गावातले लोक त्याला भेरुंड पक्षी म्हणतात आणि देवळाच्या खांबावर कोरलेला दाखवतात. खांबावरचा तळहाताएवढा आहे. आम्ही त्याचं नाव घेत नसू. सापाला जसं लांबडं म्हणतात, तसं आम्ही त्याला थोरला म्हणत असू. दोनतीन वर्षं तो दिसायचाही नाही. पोरं मोठी व्हायची, म्हणायची, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत. मग एखाद्या दुपारी कावळे एकदम गप्प होत, गुरं माना खाली घालून झाडाखाली घुसत, आणि अंगणावरून सावली जायची. ढगाची सावली सावकाश जाते. ही झटकन जायची. मी सून होऊन आले त्या साली पलीकडच्या वाडीतला एक गुराखी त्यानं नेला. त्याची घोंगडी तेवढी सापडली, उंबराच्या शेंड्याला अडकलेली. माणूस सापडला नाही.

सावली दिसली की पालथं पडायचं, घोंगडी अंगावर ओढायची आणि हलायचं नाही. थोरला हलतं तेच उचलतो. आणि अंगाला रक्त असेल तर मोकळ्यावर पाऊल टाकायचं नाही, कारण रक्ताचा वास त्याला डोंगरापलीकडून येतो. एवढं आम्हाला लहानपणीच पाठ झालेलं असायचं.

पण दोर धरणारा पालथा पडू शकत नाही.

संध्याकाळी होना बाबा आले. वाडीतले सगळ्यांत जुने. तरुणपणी तेच कपारीत उतरायचे. आता गुडघा गेला होता, म्हणून समोरच्या डोंगराच्या सोंडेवर बसून आभाळ राखायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथून कडा सबंध दिसतो, वरचा माथा, मधली कपार, खालची दरी. थोरला दिसला की त्यांनी पितळी थाळा बडवायचा. त्यांनी गोमाचा खांदा चाचपला. गोमाच्या तोंडावरचं हसू गेलं, पण तो ओरडला नाही.

"दोर धरंल ह्यो," होना बाबा म्हणाले. "पर वेटोळं सोडायला दुसरा हात लागंल. ही चिमा जाऊ दे वर."

"बाईमाणूस कड्यावर?" आत्याबाई म्हणाल्या.

"वेटोळ्याला हात लावंल. ताणलेल्या दोराला लावायचा न्हाय. देवीला म्या नारळ देतो."

अशी मी कड्यावर गेले. आमच्या वाडीतली पहिली बाई. हौस म्हणून नव्हे.

सकाळी आम्ही मागच्या घळीतून वर चढलो. लहानूनं कमरेला दोराची गाठ घातली, मांड्यांतून फास घेतला, टोपली पाठीला, कोयता कमरेला आणि हिरव्या पाल्याची धुरी देणारी चूड हातात. कड्याच्या कडेशी जाऊन तो वळला. मला वाटलं काहीतरी म्हणेल. तो गोमाला म्हणाला, "पाव्हणं, झोपू नका," आणि मागच्या पावलांनी कडेखाली गेला.

गोमा पाय दगडाला रोवून बसला. दोर त्याच्या कमरेला घासत सरकत होता आणि मी वेटोळ्यातून एकेक वळसा मोकळा करत होते. दुखऱ्या खांद्यानं त्याच्या मानेवर घाम फुटला होता. मग दोर ढिला पडला आणि खालून एक हिसका आला. म्हणजे लहानू कपारीत पोचला, पायांवर उभा राहिला. थोड्या वेळानं धूर वर येऊ लागला. माश्यांचा आवाज वाढला. कड्याच्या आतून कुणीतरी जातं ओढतंय असा तो आवाज येत होता.

"आता बसायचं," गोमा म्हणाला. "दोरावर वजन न्हाय. दाजी कापतील निवांत."

"खांदा?"

"हाये जागंवर. आक्का, तू बोलत ऱ्हा. तू बोललीस की दुखायचं कळत न्हाय."

मी काहीबाही बोलत होते. आईची शेळी व्यालेली, शेजारणीचं भांडण. ऊन चढलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला माझाच आवाज फार मोठा ऐकू येतोय. मी थांबले. माश्या गप्प झाल्या होत्या. सबंध कड्यावर कशाचाच आवाज नव्हता.

समोरच्या सोंडेवरून थाळा वाजायला लागला.

"पड खाली," गोमा हळूच म्हणाला. "घोंगडी घे."

"आणि तू?"

"म्या दोर धरलाय. पड, आक्का."

मी पालथी पडले आणि घोंगडी डोक्यावरून ओढली. उन्हानं तापलेला दगड गालाला भाजत होता. सावली आमच्यावरून गेली. घोंगडीच्या आतसुद्धा मला ती कळली, कारण दगडावरचं ऊन क्षणभर विझलं. मग पुन्हा ऊन. थाळा वाजतच होता.

खालून लहानूची हाक आली. "गेला काय?"

गोमानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, गेला. मला वाटलं, ह्या वेळी वाचलो. होना बाबा अजून का बडवतायत, एवढंच मला कळेना.

मग माझ्या पाठीमागे, रानाच्या बाजूला, दगडावर काहीतरी उतरलं. धप्प असा आवाज नाही. वजनदार माणूस पोतं हळूच खाली टेकवतो, तसा. आणि वास आला. कुजलेल्या मांसाचा आणि ओल्या लोकरीचा. नखं दगडावर खरवडत चालत आली, थांबली, पुन्हा चालली. घोंगडीच्या कडेखालून मला त्याचा पाय दिसला. पिवळा, जुन्या झाडाच्या सालीसारखा भेगाळलेला. पुढची नखं कोयत्याएवढी. तो पाय माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर टेकला होता. मी देवीचं नावही घेऊ शकले नाही, कारण नाव घ्यायला श्वास लागतो.

"हलू नको," गोमा म्हणाला. ओठ न हलवता म्हणाला असावा.

पाय उचलला गेला आणि माझ्यापुढून निघून गेला. मी घोंगडीला बोटभर फट पाडली. नसती पाडली तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तो गोमाच्या समोर उभा होता. दीड पुरुष उंच. पंख मिटलेले, अंगणात वाळत टाकलेल्या काळ्या घोंगड्यांसारखे दोन्हीकडे लोंबत. त्यानं मान वाकडी करून गोमाकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं. कोंबडी दाण्याकडे बघते तसं. राग नव्हता त्यात, घाई नव्हती. गोमा मुठीत दोर धरून त्याच्याकडे बघत बसला होता आणि थरथर कापत होता. त्याची पापणी लवत नव्हती. पण थरथर कशी थांबवणार? हलतं ते थोरला उचलतो.

पंख उघडले. धुरळा, खडे, पालापाचोळा, सगळं माझ्या तोंडावर आलं आणि घोंगडी उडून दरीत गेली. मी उघडी पडले. पण त्याला माझं काही नव्हतं. त्यानं गोमाला त्या दुखऱ्या खांद्यातच धरलं. गोमा ओरडला. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. त्याचे पाय दगडावरून सुटले, टाचा एकदा आपटल्या, मग आपटायलाही काही उरलं नाही. कमरेचा दोर त्याच्याबरोबर वर जात होता, ढिला, लोंबता. माझा भाऊ माझ्या डोक्याच्या वर होता आणि मी त्याच्या तळपायांना हात लावू शकत नव्हते. मी ओरडत होते, आणि माझ्या ओरडण्यापुढे मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात दोर ताणला.

खालून काहीतरी असं जोरात ओढलं गेलं, की खुंट करकरला. गोमा हिसका बसून खाली आला, त्याच्यासकट थोरलाही खाली आला. थोरल्यानं पंख मारले. दोर हलला नाही. पुन्हा मारले. गोमाच्या कमरेत दोर रुतला होता, तोंड काळंनिळं झालं होतं, आणि डावी मूठ मात्र आवळलेली. मला एकच कळलं, की लहानू कपारीतून निसटला आणि आता नुसत्या दोरावर लोंबतोय. वर एक, खाली एक, आणि मधे अंजनाचा एक खुंट. मी कुणाला धरू? मी कुणालाच धरलं नाही. मी तिथंच गुडघ्यांवर बसून बघत राहिले.

थोरल्यानं आणखी एकदा पंख मारले. मग त्याला कंटाळा आला असावा. त्यानं नखं सोडली.

गोमा खांद्यावर आदळला. त्याची मूठ उघडली. दोर त्याच्या कमरेवरून, खुंटावरून सर्रकन पळायला लागला. मी उडी टाकली. ताणलेल्या दोराला बाईनं हात लावायचा नाही, ते मला आठवलंही नाही. दोन्ही तळव्यांत दोर पकडला आणि तो माझी कातडी घेऊन निघून गेला. मी खुंटापर्यंत फरफटत गेले. दोराचं शेवटचं टोक खुंटावरून उडालं आणि कडेखाली दिसेनासं झालं.

खालून ओरडण्याचा आवाज आला नाही. काही वेळानं माश्या पुन्हा गुणगुणू लागल्या.

लहानूला वाडीतल्या माणसांनी दुपारी दरीतून वर आणलं, घोंगड्या पांघरून, झाडाझाडाच्या आडोशानं. अंगणात मोकळ्यावर ठेवायला कुणी धजेना, म्हणून पडवीत ठेवला. मी त्याच्या पायांशी बसले होते. आम्ही घळीतून खाली कसे उतरलो, तळव्यांना हळद कुणी लावली, ते आठवत नाही. गोमाला दाराबाहेर, ओट्याच्या खाली बसवला होता. त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं आणि कुणीही त्याला फडकं दिलं नव्हतं.

"दोर सुटला तुज्या हातनं?" आत्याबाईंनी त्याला विचारलं. त्या रडत नव्हत्या.

"सुटला," गोमा म्हणाला.

"थोरल्यानं धरलं हुतं तुला. मग सोडलं कसं?"

गोमानं डाव्या हातानं खांदा दाबून धरला.

"म्या सांगते कसं. थोरला एक जीव घेतल्याबिगर जात न्हाय. ह्यानं आपला वाचवला, माझ्या पोराचा दिला." त्या माझ्याकडे वळल्या. "तू हुतीस वर. दोर आधी ढिला पडला का न्हाय?"

"पडला," मी म्हणाले. "पण मग ताणला, आत्याबाई. तेव्हा गोमाच्या मुठीतच होता. थोरल्यानं टाकल्यावर—"

"ढिला पडला म्हंजे ह्यानं सोडला. पोरगं कपारीतनं निसटलं ते उगंच निसटलं? त्या कपारीत ते लहानपणापासनं हिंडतंय."

तेच तर मलाही कळत नव्हतं. लहानूचा पाय कधी निसटत नसे. जमलेले लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी माझ्या नवऱ्यापाशी बसून भावाच्या बाजूनं बोलतेय, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"दोर सोडणाऱ्याला ह्या वाडीत पाणी न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ऊठ. उजेड हाये तवर निघ."

गोमाची वाडी डोंगराच्या पलीकडे. मधे सगळा उघडा माळ, झाडाचं एक पान नाही. खांद्यातून रक्त गळतंय. आणि वर आभाळात थोरला अजून घिरट्या घालत होता. पडवीतून तो घारीएवढा दिसत होता. वाडीतलं प्रत्येक माणूस मान वर करून त्याच्याकडे बघत होतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं, की गोमाला बाहेर काढणं म्हणजे काय.

"अंधार पडू दे," मी म्हटलं. "आत्याबाई, तुमच्या पाया पडते. अंधार पडल्यावर जाईल तो."

"माझ्या पोराला कुणी थांब म्हणलं न्हाय."

गोमा उठला. भिंतीला धरून उठला. मी धावत जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले. "अरे, बोल काहीतरी," मी त्याला म्हणाले. "मुक्यासारखा जातोस काय मरायला? वर काय झालं ते तुला ठाऊक आहे. सांग."

"माज्या तोंडचं खरं कोण मानंल, आक्का?" तो म्हणाला. "सरक."

तो अंगणाच्या कडेपर्यंत गेला. सावलीची रेघ संपत होती तिथं थांबला आणि त्यानं वर पाहिलं. त्याचा जीव पुढे जायला तयार नव्हता, ते पाठमोरं सुद्धा दिसत होतं. एक पाय त्यानं उन्हात टाकला.

"मागं घे त्यो पाय," कुणीतरी म्हणालं.

होना बाबा होते. सोंडेवरून दरी उतरून पुन्हा चढायची, तीही तसल्या गुडघ्यानं, आणि मधे थोरला फिरतोय म्हणून करवंदीच्या जाळीत पडून राहायचं. त्यांना यायलाच संध्याकाळ झाली होती. अंगभर ओरखडे. त्यांनी गोमाला दंडाला धरून मागे ओढला, पडवीत आणला आणि ओट्यावर बसवला. मग स्वतः लहानूच्या उशाशी बसले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"बाबा, तुमी मधे पडू नका," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगं माजं गेलंय."

"तुला कुणी सांगितलं, त्यो पडला म्हून?"

"मग काय झालं?"

"कपार फकस्त माज्याकडनं दिसती," होना बाबा म्हणाले. "म्या समदं बघितलं. थोरल्यानं ह्याला उचलला तवा लहानू कपारीत हुता. दोन्ही पाय घट रोवून. दोर वर जाया लागला तसं त्यानं बाहेर वाकून बघितलं. त्याला दिसलं, वर काय चाललंय. कमरंची गाठ सोडून आत बसला असता, तर त्याला काय बी झालं नसतं. आपण दुसरा दोर सोडला असता. त्यानं गाठ सोडली न्हाय. चूड खाली ठेवली. पाठीची टोपली काढून आत सारली. दोन्ही हातांनी दोर धरला आन् कपारीतनं पाऊल बाहेर टाकलं. मोकळ्या आभाळात. आपलं वजन टाकलं त्यानं ह्याच्यावर, ह्यानं वर जाऊ नये म्हून."

मी गोमाकडे बघितलं. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता.

"टाकायच्या आधी त्यानं वर बघून कायतरी हाक मारली," होना बाबा म्हणाले. "थाळ्याच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाय."

आत्याबाई उठल्या. त्या ओट्यापाशी गेल्या आणि गोमाच्या समोर जमिनीवर बसल्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो त्यांनी सारखा केला नाही.

"तुला आली ऐकू?" त्यांनी विचारलं.

गोमानं मान डोलावली.

"काय म्हणला?"

गोमा भिंतीकडे बघतच म्हणाला, "म्हणले, 'गोमा, आता मी धरतो.'"

आत्याबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि त्याच्या खांद्याला बांधायला घेतला. गाठ बसत नव्हती. मी माझ्या सोललेल्या हातानं गाठीवर बोट ठेवलं.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

गोमानं परत सांगितलं.